एका सहीविरुद्धचा लढा

१ जुलै

पुण्यातल्या तमाम प्राध्यापक बंधू-भगिनींनो! आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. आपल्या संस्था आपल्याला आधार देतात!

गेल्या वर्षी ‘वेलनेस वीक’मध्ये आपल्याला सभागृहात सतरंजीवर बसवलं आणि मोठ्यांदा हसायला लावलं. का, तर ताण कमी होतो. ताण कशाचा? स्टाफरूमच्या संडासाला कुलूप आहे आणि किल्ली ऑफिसात आहे, त्याचा ताण. ते कुलूप काढायला संस्थेकडे माणूस नाही. हसवायला मात्र बाहेरून बाई आणली. जिन्यात पोस्टर लावलं, ‘तुम्ही एकटे नाही’. खरंच आहे. किल्ली मागायला आपण रांगेत असतो.

असो. रोजनिशीत श्रोते नसतात हे माझ्या लक्षात आहे. पण सत्य हे सत्याच्या सुरातच लिहायला हवं. शिवाय इथे कोणी मधेच उठून ‘आवरा’ अशी चिठ्ठी पाठवत नाही.

या वर्षीचे संकल्प: बोलणं कमी, कृती जास्त. भाषण दहा मिनिटांच्या वर नाही. चहा दोनदाच. आणि एक तरी अन्याय मुळासकट उपटायचा. फांद्या छाटणारे या शहरात पुष्कळ आहेत.

३ जुलै

वर्षारंभाचा मेळावा. प्राचार्य रावसाहेब म्हणाले, आपलं कॉलेज म्हणजे एक कुटुंब आहे. बरोबर बोलले. घरात मोठ्यांना काही विचारलं की ‘तुला काय करायचंय’ हे उत्तर मिळतं, तसंच इथे मिळतं.

शेवटी मी उठलो. म्हणालो, वाशीमहून आलेल्यांनो, यवतमाळहून आलेल्यांनो, हिंगोलीहून आलेल्यांनो! या शहरात आपलं कोणी नाही असं पुन्हा म्हणू नका! हा सुदर्शन सर तुमचा आहे! सभागृह दणाणलं. मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा उभी राहिली. (मैना म्हणते, ती जेवणाच्या रांगेसाठी उभी राहिली होती. मैना माझी पत्नी. ‘सौ.’ हा शब्द मी वापरत नाही, तत्त्व म्हणून.)

दहा मिनिटंच बोललो. कुणीतरी केलेला व्हिडिओ मात्र पाऊण तासाचा निघाला. हल्लीच्या फोनचा काही भरवसा नाही.

भाषणानंतर रावसाहेब जवळ आले. म्हणाले, सुदर्शनराव, एवढी कळकळ आहे तर विद्यार्थी सहाय्य कक्ष तुम्हीच सांभाळा. मी तत्काळ होकार दिला. शत्रूने स्वतःच्या हाताने तलवार दिली!

४ जुलै

कक्ष पाहिला. जिमखान्यामागची खोली. आत ढोल-ताशा पथकाचे ढोल रचून ठेवलेले. एक खुर्ची. मी शिपायाला म्हणालो, विद्यार्थी कुठे बसणार? तो म्हणाला, ढोलावर बसतात सर, मागचे सर होते तेव्हा एक आला होता.

७ जुलै

पहिलं प्रकरण! आणि काय प्रकरण!

उत्कर्षा. द्वितीय वर्ष, मूळची वाशीमची, कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात राहते. दारातूनच म्हणाली, सर, तुम्ही त्या दिवशी बोलले ना, मी आहे म्हणून, तर मी आली.

मी तिला ढोलावर बसवलं. तिची अडचण अशी. वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक मुलीला पुण्यात लोकल गार्डियन लागतो. पुण्यात स्वतःचं घर किंवा कायम नोकरी असलेला कोणीही जबाबदार माणूस चालतो. त्याने रेक्टरबाईंसमोर जाऊन एकदा सही करायची, मग मुलगी आजारी पडली, रात्री बाहेर राहायची झाली, की त्याला फोन. तिचे गार्डियन होते नागोराव काका, येरवड्याला राहायचे. ते निवृत्त होऊन उन्हाळ्यात वाशीमला परत गेले. आता तिचं इथे कोणी नाही. एकतीस जुलैपर्यंत नवी सही झाली नाही, तर खोली सोडायची.

ऐकता ऐकता माझं रक्त उसळलं. एकोणीस वर्षांची मुलगी! ती मत देऊन सरकार पाडू शकते, पण दात दुखला तर तिला काकाची सही लागते! मी तिला या प्रथेचा सगळा इतिहास सांगितला. स्त्रीला आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या ताब्यात ठेवणारी जी जुनी व्यवस्था, तिचं हे लेटरहेडवरचं रूप आहे, हे समजावलं. मधून मधून ती म्हणत होती, हो सर, ऐकून राहिली. तासाभराने तिने घड्याळ पाहिलं, यावरून तिला काळाचं भान किती आहे हे कळतं.

जाताना म्हणाली, मग सर, तुम्ही याल का रेक्टरबाईंकडे? पाचच मिनिटाचं काम आहे.

मी म्हणालो, नाही! मी सही करणार नाही. मी सही केली तर हा नियम मी मान्य केला असं होईल. मी तो नियमच उपटून तुझ्या पायाशी आणून टाकीन.

ती बराच वेळ स्वतःच्या पायांकडे पाहत राहिली. भारावली होती.

८ जुलै

जेवताना मैनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, एक सही आहे. चपला घाला आणि जाऊन या.

मी म्हणालो, हा एका सहीचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, तत्त्वाला राहायला खोली लागत नाही, तिला लागते. आणि भाजी वाढली.

मैनाचं माहेर आंबेगावचं. गाव शहरात आलं, पण व्यवहारीपणा काही गेला नाही. मोठे प्रश्न तिथे नेहमी बांधावरच मिटवतात, त्यामुळे ते मुळाशी पोचतच नाहीत.

१२ जुलै

निवेदन लिहून झालं. चौदा पानं. एकही शब्द जास्तीचा नाही. नवव्या पानावर असं वाक्य जमलंय की मी स्वतःलाच वाचून दाखवलं: ‘ज्याचं मुलीशी रक्ताचं नातं नाही अशा परक्याची सही घेऊन त्याला पालक म्हणणं ही पालकत्वाची थट्टा आहे.’ यावर रावसाहेब काय उत्तर देणार? नियम रद्द करण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही.

चहा आज चारदा. लिखाणाचे दिवस अपवाद.

१४ जुलै

रावसाहेबांना निवेदन दिलं. त्यांनी चाळलं. म्हणाले, भाषा छान आहे हो तुमची. मी म्हणालो, मला भाषेवर नाही, मुद्द्यावर उत्तर हवंय. म्हणाले, मिळेल की. मी विचारलं, कधी? म्हणाले, वाचून झाल्यावर. मग त्यांनी फोन उचलून कोणाला तरी सांगितलं की पुढच्या महिन्यात ‘स्टुडंट हॅपिनेस डे’ला फुगे पिवळेच हवेत.

त्यांचा धीर सुटलेला स्पष्ट दिसत होता.

१६ जुलै

आज स्वतःच्याच छावणीत फितुरी.

संतोष. आमच्या विभागात आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो, कात्रजला भाड्याच्या खोलीत राहतो. उत्कर्षा त्याच्याकडे गेली असावी. हा गडी मला न विचारता सरळ रेक्टरबाईंकडे जाऊन उभा राहिला, म्हणे मी होतो तिचा गार्डियन. मी त्याला स्टाफरूममध्ये गाठलं आणि आघाडी फोडणं म्हणजे काय असतं ते चारचौघांत ऐकवलं.

तो शांतपणे म्हणाला, सर, फुटायचा प्रश्नच आला नाही. बाई म्हणाल्या, घर भाड्याचं, नोकरी तासाची, तुम्ही पुण्यात आहात असं आम्हाला धरता येत नाही.

आठ वर्षं! आठ वर्षं हा माणूस याच कॉलेजात पोरांच्या उत्तरपत्रिका तपासतो, परीक्षेत पर्यवेक्षणाला उभा राहतो, स्नेहसंमेलनात खुर्च्या लावतो, आणि कॉलेज त्याला म्हणतं तू आमचा नाहीस, तू या शहरातही नाहीस! त्याचा मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा त्याला रजा नव्हती, कारण ज्याची नोकरीच धरत नाहीत त्याची रजा कुठून धरणार? आणि जिन्यात पोस्टर, तुम्ही एकटे नाही! ज्या संस्थेला आपला मास्तर ओळखू येत नाही, ती पोरींचे पालक ओळखायला निघाली आहे!

फारच उत्तम मुद्दा मिळाला. निवेदनाला दोन पानं पुरवणी जोडली.

संतोष जाताना म्हणाला, सर, तुमचं घर स्वतःचं आहे ना, शनिवार पेठेत? नोकरीही कायम. मी म्हणालो, हो, म्हणूनच माझी जबाबदारी जास्त आहे, मला असं सहज वाकता येत नाही.

१८ जुलै

उत्तर नाही. म्हणजे लढा रस्त्यावर न्यावा लागणार. रविवारी सुट्टी, म्हणून सोमवारी दुपारी बारा वाजता गेटवर जाहीर सभा. तीनशे विद्यार्थी गृहीत धरले आहेत. ध्वनिक्षेपकाला परवानगी नाही. मला कधीच लागला नाही.

उत्कर्षाला बोलावून सांगितलं. ती घाबरत म्हणाली, सर, माझं नाव नका घेऊ. मी शब्द दिला.

२१ जुलै

सभा झाली. ऐतिहासिक!

उपस्थितीबद्दल उगाच आकड्यांत शिरत नाही. मी, उत्कर्षा, संतोष (तास संपवून धावत आला), पीएमटीची वाट पाहणारी दोन मुलं (बस येईपर्यंत), आणि गेटवरचा वॉचमन सोनबा. तो तिथेच असतो, पण आज तो ऐकत होता. चेहऱ्यावरून कळतं. मधेच म्हणाला, सर, भुरभुर हाय, आत येऊन बोला की, आत बी कोणी न्हाय.

फलक धरायला कोणी नव्हतं म्हणून उत्कर्षाने धरला. ‘आम्हाला पालक नकोत, हक्क हवेत!’ वाक्य माझं. ती तो सारखा तोंडासमोर नेत होती. चळवळीत हे होतंच.

मी तिचं नाव अजिबात घेतलं नाही. फक्त म्हणालो, ‘वाशीम जिल्ह्यातल्या, द्वितीय वर्षात शिकणाऱ्या, दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलीवर’ असा अन्याय होतोय. संतोष खूप खोकत होता. त्याला धुळीचा त्रास असावा.

बस थांबवून एका मुलाने व्हिडिओ काढला. म्हणजे, बस तशीही थांबली होती.

२३ जुलै

व्हिडिओ पसरतोय! व्हिडिओत मी डावीकडे, आवाज खणखणीत. उत्कर्षा बरोबर मधोमध, फलकासकट. एका पेपरात पान सहावर दोन ओळी आल्या, ‘प्राध्यापकाची वसतिगृहाच्या सोयींबाबत नाराजी’. नाराजी! ज्वालामुखीला हे लोक धूर म्हणतात.

उत्कर्षा कक्षात आली. म्हणाली, रेक्टरबाईंनी बोलावून विचारलं, तुला आमचा एवढा त्रास आहे का? ती म्हणाली, नाही मॅडम. मी म्हणालो, असं का म्हणालीस? हो म्हणायचं! ती म्हणाली, सर, मला तिथं राहायचं आहे.

या मुलीला अजून बरंच वाचायला द्यावं लागेल.

संध्याकाळी मैना म्हणाली, घर माझ्याही नावावर आहे. परवा मी जाते आणि सही करून येते. मी म्हणालो, मैना, मी या गोष्टीला परवानगी देऊ शकत नाही. ती म्हणाली, काय देऊ शकत नाही? मी म्हणालो, पाठिंबा. ती म्हणाली, हां.

२४ जुलै

विजय! निःसंशय विजय!

सकाळी परिपत्रक निघालं. रावसाहेबांनी माझं निवेदन खरोखरच वाचलं होतं, निदान नवव्या पानापर्यंत. माझं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हात, माझ्या नावासकट! ‘प्रा. सुदर्शन यांनी निदर्शनास आणून दिल्याप्रमाणे, ज्याचं मुलीशी रक्ताचं नातं नाही अशा परक्याची सही घेऊन त्याला पालक म्हणणं ही पालकत्वाची थट्टा आहे.’ संस्थेने हे मान्य केलं! छापील मान्य केलं! चौदा वर्षांत या कॉलेजने माझं एक वाक्य मान्य केलं नव्हतं. स्वल्पविरामसुद्धा नाही.

खाली आणखी एक ओळ आहे. ‘सबब, यापुढे स्थानिक पालक हा रक्ताच्या नात्यातीलच असावा.’

ही ओळ तपशिलाची आहे. पेढे आणावेत का, असा विचार होता. आणले नाहीत. आधी संतोषला परिपत्रक दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तास नसताना तासाला निघून गेला.

२५ जुलै

मैना वसतिगृहातून परत आली. पर्स टेबलावर ठेवली. म्हणाली, परवापर्यंत चाललं असतं म्हणे. कालपासून रक्ताचं नातं लागतं. तुमचं वाक्य बाईंनी भिंतीवर लावलंय, लॅमिनेट करून.

मी म्हणालो, हा माझ्या वाक्याचा विपर्यास आहे! ती म्हणाली, विपर्यास कसला, शब्द न शब्द तुमचाच आहे. अहो, गेल्या पंधरवड्यात कुठल्याही दिवशी, दूध आणायला जाता तसं जाऊन आला असतात, तर ती पोरगी आज अभ्यास करत बसली असती. मी विचारलं, तिथे भेटली का ती? म्हणाली, भेटली. मला म्हणाली, काकू, सरांना सांगू नका मी रडली म्हणून.

मी हे कोणाला सांगणार नाही. इथे लिहिलं, ते वेगळं.

२६ जुलै

दिवसभर विचार केला. नियम आधीपेक्षा जाचक झाला, म्हणजेच त्यातली विसंगती आधीपेक्षा उघडी पडली. वस्तुनिष्ठपणे पाहिलं तर आपण पुढे सरकलो आहोत. ज्या मुलीचं रक्ताचं माणूस पुण्यात आहे ती वसतिगृहात कशाला राहील, ती त्या माणसाकडेच राहील! म्हणजे या नियमाप्रमाणे वसतिगृह रिकामंच व्हायला हवं. हा युक्तिवाद इतका बिनतोड आहे की मी तो रावसाहेबांना जिन्यात गाठून ऐकवला.

ते म्हणाले, मुद्दा आहे. समिती नेमू.

२८ जुलै

‘स्थानिक पालक पुनर्विचार समिती’ जाहीर. अध्यक्ष: मी! सदस्य: रेक्टरबाई आणि संस्थेचा एक प्रतिनिधी. पहिली बैठक दिवाळीच्या सुट्टीनंतर.

मी म्हणालो, पण एकतीस तारीख! रावसाहेब म्हणाले, घाईत घेतलेले निर्णय विद्यार्थ्यांच्या हिताचे नसतात, हे तुमच्याच निवेदनात आहे, पान चार. खरंच आहे. हा माणूस आता माझं वाङ्मय माझ्याहून जास्त वाचतो.

अध्यक्षपद स्वीकारलं. किल्ला आतूनच पडतो.

२९ जुलै

मैनाने परस्पर उत्कर्षाच्या वडिलांना फोन लावला. स्पीकरवर. म्हणाली, पोरीला आमच्याकडे राहू द्या, एक खोली रिकामी आहे, मी आहे घरात.

वडील फार अदबीने बोलले. म्हणाले, ताई, तुमचे लय उपकार आहेत, पण ओळख ना पाळख. कॉलेजचं होस्टेल होतं म्हणून हिंमत केली होती जी. आता इथं गावात सगळ्याइच्या फोनवर तो व्हिडिओ आला. पोरगी गेटवर बोर्ड धरून उभी. लोक इचारतात, कॉलेजशी भांडण झालं का? उद्या ह्या वादात तिचं काही नुकसान झालं त आमी कोणाले सांगाव? येतो परवा घ्यायले.

मैना म्हणाली, भाऊ, तिचं शिक्षण? ते म्हणाले, पोरगी बाहेरून देईन परीक्षा. हिच्या बहिणीनंही तसंच केलं होतं. मैनाने विचारलं, ती पास झाली का? वडील म्हणाले, लगन झालं तिचं.

मैनाने फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी तिला म्हणालो, पाहिलंस, व्यवस्था किती खोलवर रुजलेली आहे!

३१ जुलै

संगमवाडीला गेलो. वाशीमच्या ट्रॅव्हल्स तिथून सुटतात. निरोपाचे चार शब्द तयार केले होते. फार नाही, दोन पानं.

उत्कर्षा सामानाशेजारी उभी होती. एक ट्रंक, एक गादीची वळकटी, पुस्तकांची पिशवी. माझ्याकडून नेलेली पुस्तकं तिने वेगळी बांधून आणली होती. म्हणाली, सर, ही तीन वाचली, ही दोन राहिली. मी म्हणालो, राहू दे तुझ्याकडे. ती म्हणाली, नको सर, तिथं वाचून काय करू?

वडील पुढे झाले. पांढरा सदरा, पायांवर प्रवासाची धूळ. हात जोडून म्हणाले, सर, तुमीच ना ते? म्या दोन डाव पाह्यला तुमचा व्हिडिओ. लय चांगलं बोलता जी तुमी. आमच्या इकडं असं बोलणारं कोणी नाही. मनून तर पोरीले इकडं धाडलं होतं.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. नव्हता.

दोन पानं खिशातच राहिली. ट्रॅव्हल्सवाल्याने घाई केली, नाहीतर बोललो असतो.

गाडी निघाल्यावर मैना म्हणाली, चला. एवढंच. रिक्षात शनिवार पेठ येईपर्यंत ती काही बोलली नाही. मीही नाही. रिक्षावाल्याला वाटलं असेल, साधी माणसं आहेत.

४ ऑगस्ट

ऑफिसातून सहाय्य कक्षाचा जुलैचा अहवाल आला. टाइप करून तयार. ‘दाखल प्रकरणे: शून्य. प्रलंबित प्रकरणे: शून्य. विद्यार्थी समाधान: उत्तम.’

मी अहवाल घेऊन तडक ऑफिसात गेलो. म्हणालो, शून्य कसं? एक प्रकरण होतं! क्लार्क म्हणाले, सर, ती मुलगी आता पटावर नाही. पटावर नसलेल्या मुलीची तक्रार कुठल्या खात्यात दाखवू? तुम्हीच सांगा, तसं टाइप करतो.

मी विचार केला. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. शिवाय वेळेत अहवाल गेला नाही तर कक्ष काढून घेतील, आणि कक्ष गेला तर विद्यार्थ्यांसाठी लढणार कुठून? सही केली.

घरी आल्यावर मैनाला हे सांगितलं. ती म्हणाली, पेन चाललं वाटतं. आणि आत गेली.

५ ऑगस्ट

कक्षात बसलो. कोणी आलं नाही. दुपारी पथकाची मुलं येऊन ढोल घेऊन गेली, सराव सुरू झाला. आता खोलीत फक्त माझी खुर्ची. जिन्यात नवं पोस्टर लावलंय, ‘बोला, आम्ही ऐकत आहोत’. खाली माझं नाव.

चहा किती झाले ते मोजलं नाही.

संतोष खिडकीतून डोकावला. म्हणाला, सर, उत्कर्षाची मैत्रीण भेटली. ती पोचली घरी. कोर्सची पुस्तकं विकायची म्हणत होती म्हणे, मी ठेवायला सांग म्हटलं. मी म्हणालो, बैस ना, बोलू. तो म्हणाला, तास आहे सर. या वेळी खरंच होता.

६ ऑगस्ट

स्वतःच्या घरात राहणाऱ्या, कायम नोकरीतल्या, पुण्यातल्या प्राध्यापकांनो! तुमच्या संस्था पोरींना आधाराची पोस्टरं देतात आणि खोली काढून घेतात. हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही स्टाफरूममध्ये त्यावर हळहळता आणि डबा उघडता. लाज वाटत नाही?

माझी गोष्ट वेगळी आहे. मला तत्त्व आडवं आलं. तुम्हाला काय आडवं आलंय? तुम्ही इतकी वर्षं बिनतत्त्वाचे जगलात, त्याचा एकदा तरी कोणाला उपयोग होऊ द्या!

वाशीमच्या, परभणीच्या, गडचिरोलीच्या पोरी तुमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेल्या आहेत. त्यांच्यातल्या कोणाचा तरी काका या वर्षी गावी परतला आहे. त्यांना इतिहास सांगू नका. समिती मागू नका. फलक तर मुळीच देऊ नका. आमच्या कॉलेजात आता इलाज नाही, पण जिथे माझं वाक्य अजून पोचलेलं नाही अशी वसतिगृहं या शहरात बरीच आहेत. ते पोचायच्या आत, उद्या सकाळी पहिल्या तासाआधी, तुमच्या कॉलेजच्या रेक्टरबाईंकडे जा, जिचं पुण्यात कोणी नाही अशा एका मुलीचं नाव विचारा आणि तिचा लोकल गार्डियन म्हणून सही करा.